आकाशातला मनाई हुकूम

पाऊस ओसरला की आपल्याकडे जत्रा, लग्ने, पर्यटकांचे तांडे आणि बड्या पाहुण्यांचे दौरे ह्या सर्वांचा हंगाम एकदमच सुरू होतो. त्याच सुमारास प्रशासनाचे एक छोटेसे पत्रक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, कुठल्या तरी कोपऱ्यात येते : अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अमुक भागात ड्रोन उडवण्यास मनाई. फार थोडे लोक ते वाचतात. ज्यांनी वाचायला हवे ते तर त्या वेळी एखाद्या मंगल कार्यालयाच्या अंगणात यंत्राच्या बॅटऱ्या भरीत बसलेले असतात. मग पोलीस येतात, यंत्र जप्त होते, आणि त्या तरुणाचे एकच म्हणणे असते, ‘मला ठाऊक नव्हते.’ कायद्याच्या दरबारी ह्या सबबीला किंमत नाही, हे खरेच. पण ठाऊक नसण्याचा सगळा दोष त्याच्याच पदरी बांधावा काय, हा प्रश्न आम्हाला विचारण्याजोगा वाटतो.

ड्रोन हे आता हौशी श्रीमंतांचे खेळणे राहिलेले नाही. लग्नाचे चित्रण, जमिनीची मोजणी, बागायतीवरची फवारणी, बांधकामाची पाहणी अशा नाना कामांसाठी तो वापरला जातो आणि त्यावर अनेक सुशिक्षित तरुणांचा चरितार्थ चालतो. कर्ज काढून घेतलेले यंत्र एकदा जप्तीत गेले की हंगाम बुडतो. म्हणून तात्पुरत्या मनाईचा हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

कायमची बंधने समजायला तशी सोपी आहेत. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोनविषयीचे नियम जारी केले आणि त्यांनुसार देशाच्या आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे तीन भाग पाडले. विमानतळाच्या कुंपणापासून पाच किलोमीटरपर्यंतचा टापू लाल. तेथे केंद्र सरकारच्या परवानगीवाचून काहीही उडवता येत नाही. पाच ते आठ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा. तेथे हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांपर्यंत मोकळीक, त्यावर पिवळा. इतरत्र जेथे लाल-पिवळ्याची खूण नाही तेथे चारशे फुटांपर्यंत आकाश हिरवे, म्हणजे परवानगीची गरज नसलेले. गोव्यासारख्या चिमुकल्या प्रदेशात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असल्यामुळे ही वर्तुळे किती भूमी व्यापतात ते ज्याने त्याने नकाशावर पाहावे. मोपाचे वर्तुळ तर राज्याची सीमा ओलांडून सिंधुदुर्गात शिरते. बोगमाळोचा किनारा आणि वास्को शहर ही बारमाही निषिद्ध क्षेत्रात येतात. श्रावणात वास्कोला श्रीदामोदराच्या भजनी सप्ताहाला लोटणारी गर्दी वरून टिपण्याचा मोह कोणाही छायाचित्रकाराला व्हावा असाच तो देखावा असतो. पण तेथे उत्सव समितीने मान डोलावली म्हणून आकाश मोकळे होत नाही. शिवाय दाबोळी हा नौदलाचा तळ आहे आणि लष्करी ठाण्यांच्या आसपास ड्रोन दिसला तर तो खाली पाडण्याचाही अधिकार संरक्षण दले सांगतात. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाईदल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली, त्यानंतर ह्या बाबतीत कोणी ढिलाईची अपेक्षा करू नये.

खरा गोंधळ आहे तो तात्पुरत्या मनाईचा. कायमचा लाल भाग आज आहे तेथेच उद्याही असतो. तात्पुरता लाल भाग मात्र सकाळी नसतो आणि दुपारी उमटतो. तो का उमटावा, ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. राष्ट्रपती वा पंतप्रधान यायचे असतील, लाखोंचा मेळावा भरायचा असेल, पूर आला असेल, डोंगर पेटला असेल, तर त्या जागेवरचे आकाश काही काळ मोकळे ठेवावेच लागते. मार्च २०२३ मध्ये सत्तरीतील म्हादई अभयारण्यात वणवे भडकले तेव्हा नौदलाची आणि हवाईदलाची हेलिकॉप्टरे लोंबत्या बादल्यांतून पाणी आणून डोंगरावर ओतीत होती. धुराने दृष्टी अंधूक झालेली, खाली झाडांचे शेंडे, आणि यंत्र जमिनीलगत आलेले : अशा वेळी समोर एखादा दीड हात रुंदीचा ड्रोन आला तर वैमानिकाने करायचे काय? ही नुसती कल्पना नव्हे. ९ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्सच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला खरोखरच एक ड्रोन धडकला. ते विमान कॅनडातल्या क्वेबेकहून मदतीला आलेले होते. आगीच्या भागावर तात्पुरती उड्डाणबंदी जाहीर झालेली असताना एका गृहस्थाने सांता मोनिकातल्या वाहनतळाच्या इमारतीच्या गच्चीवरून, आग कुठवर आली ते पाहावे म्हणून, आपले यंत्र दीड मैलाहून अधिक दूर धाडले. ते त्याच्या दृष्टीआड गेले आणि विमानाच्या डाव्या पंखाला भोक पाडून गेले. विमान सुखरूप उतरले हे दैव. पण घरे जळत असताना ते काही दिवस जमिनीवर बसून राहिले. त्या गृहस्थाने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि पासष्ट हजार डॉलरहून अधिक भरपाई देण्याचे मान्य केले. हेतू दुष्ट नव्हता, नुसते कुतूहल होते. बहुतेक अपघात कुतूहलातूनच होतात, दुष्ट माणसे मोजकी असतात.

तेव्हा मनाई हवी. ती कशी लावावी हेही २०२१ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे, आणि ती तरतूद आमच्या मते शहाणपणाची आहे. तातडीची गरज असेल तर राज्य सरकारला किंवा पोलिसांना एखादा टापू तात्पुरता लाल ठरवता येतो. पण एका वेळी ९६ तासांहून, म्हणजे चार दिवसांहून अधिक काळ नाही. हुकूम काढणारा अधिकारी पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून खालचा असता कामा नये. त्याने तो टापू वाजवी ठेवावा, अकारण फुगवू नये. आणि मुख्य म्हणजे ही मनाई ‘डिजिटल स्काय’ ह्या केंद्र सरकारच्या व्यवस्थेवर जाहीर करून तेथल्या नकाशावर दाखवावी. मनाई किती काळ, किती जागेवर, कोणाच्या सहीने, आणि ती नागरिकाला कुठे दिसेल, ह्या चारही प्रश्नांची उत्तरे एका छोट्या नियमात आली आहेत. सरकारी लिखाणात असा योग क्वचितच येतो.

प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. ठिकठिकाणचे दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त ह्या नियमाकडे न वळता जुनी, हाताला सवयीची झालेली तलवार उपसतात. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४४ वे कलम म्हणून ओळखली जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ वे कलम म्हणून ओळखली जाते. म्यान बदलले, पाते तेच. ह्या कलमाखाली दोन महिन्यांपर्यंत मनाई लावता येते आणि राज्य सरकारच्या हुकमाने ती आणखी सहा महिने लांबवता येते. मुंबई पोलिसांचे संपूर्ण शहरावर ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंना बंदी घालणारे महिन्या-महिन्याचे हुकूम तर एकामागून एक निघत आले आहेत. चार दिवसांची मर्यादा घालणारा नियम एका बाजूला, आणि साठ दिवस चालणारा हुकूम दुसऱ्या बाजूला! हा हुकूम नकाशावर उमटलाच पाहिजे असे ते कलम कुठेही म्हणत नाही. परिणामी नियम पाळणारा, रीतसर नोंदणी केलेला ड्रोनवाला नकाशा उघडतो, आपले गाव हिरवे पाहतो, निर्धास्तपणे यंत्र उडवतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या २२३ व्या कलमाखाली हुकूमभंगाचा आरोपी होतो. त्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि हुकूमभंगाने माणसांच्या जीविताला धोका झाला तर वर्षभरापर्यंत. ज्याने नकाशा पाहिलाच नाही आणि ज्याने तो पाहून नियम पाळला, ते दोघे एकाच कोठडीत! ह्याला न्याय कसे म्हणावे?

मनाई हुकूम ह्या शब्दाशी गोव्याचे नाते जुने आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहियांनी जो मोडला तो सभाबंदीचाच हुकूम होता. विमानाच्या सुरक्षेसाठी लावलेली बंदी आणि परकी राजवटीची ती मुस्कटदाबी एका तराजूत तोलण्याचा अविवेक आम्ही करणार नाही. परंतु स्वतःच्या सरकारने बंदी घालताना तिची कारणे लिहावीत, ती प्रजेला वाचायला मिळावीत, एवढी अपेक्षा मुक्त झालेल्या भूमीने करावी की नाही? सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन ह्यांच्या खटल्यात नेमके हेच सांगितले. १४४ व्या कलमाखालचे हुकूम प्रसिद्ध झाले पाहिजेत, ते प्रसंगाच्या प्रमाणात असले पाहिजेत, आणि तेच ते हुकूम पुन्हा पुन्हा काढीत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग होय. तो खटला काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीचा होता हे खरे. पण न्यायालयाने घालून दिलेली शिस्त कलमालाच लागू आहे, मग बंदी वाटेवरची असो वा वाऱ्यावरची.

ड्रोन उडवणाऱ्यांनाही आमचे चार शब्द सांगणे आहे. नकाशा काल पाहिला होता, ही सबब होऊ शकत नाही. तो उड्डाणाच्या दिवशी, उड्डाणाच्या अगदी आधी पाहावा आणि जमल्यास तारीख-वेळेसह त्याची प्रत जपून ठेवावी. तेवढ्यावर थांबू नये. वर सांगितलेल्या कारणासाठी स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करावी, विशेषतः जत्रा, निवडणूक, चित्रपट महोत्सव किंवा बड्या पाहुण्याची भेट जवळ असेल तर. आपले यंत्र अडीचशे ग्रॅमहून हलके आहे, म्हणून आपल्याला काही लागू नाही, हा समज तर सर्वत्र पसरलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. हलक्या यंत्राच्या चालकाला प्रमाणपत्राची सूट आहे, लाल आकाशात शिरण्याची नाही. यंत्रात विकतेवेळीच भरलेला परदेशी कंपनीचा नकाशा आपल्या पोलीस अधीक्षकाचा हुकूम जाणत नाही. त्याने उडू दिले म्हणजे सरकारने परवानगी दिली असे होत नाही.

वैमानिकांसाठी निघणाऱ्या अधिकृत सूचना वाचण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी वेळेकडे लक्ष द्यावे. त्या जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास धावते. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना उत्तर व पश्चिम भारतातले ३२ विमानतळ १५ मेच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत बंद राहतील असे जाहीर झाले, तेव्हा हा काय विचित्र मुहूर्त, असे अनेकांना वाटले होते. जागतिक वेळेत ती १४ मेची मध्यरात्र होण्याला एक मिनिट कमी होते, एवढेच. हा हिशेब ज्याने केला नाही तो साडेपाच तास आधीच आकाश मोकळे झाले असे समजून बसेल.

आणि एक गोष्ट कुठल्याही नकाशाची वाट न पाहता करावी. हेलिकॉप्टरचा आवाज कानी येताच यंत्र खाली उतरवावे. माणसे वाहून नेणाऱ्या विमानाचा मार्गाचा हक्क आधी, हे नियमांतच आहे. चित्रण अपुरे राहिले तर पुन्हा घेता येते. लाल क्षेत्राचा भंग केल्यास ड्रोन नियमांखाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही यंत्राच्या किमतीशी ताडून पाहावे.

राज्य सरकारकडे आमची मागणी मोठी नाही. ड्रोनपुरती मनाई हवी असेल तेथे ९६ तासांचा नियम वापरावा आणि दंडाधिकाऱ्याच्या कलमाला त्याहून गंभीर प्रसंगासाठी राखून ठेवावे. ते वापरावेच लागले तर त्याच दिवशी, त्याच चतुःसीमेसह, मनाई नकाशावर उमटेल अशी व्यवस्था गृहखात्याने करावी. दोन अधिकाऱ्यांनी एकमेकांना दूरध्वनी केला तरी हे काम होण्यासारखे आहे. हुकूम बहुधा इंग्रजीतच निघतात. त्यांचा मराठी व कोंकणी मसुदा पंचायतीच्या फलकावर आणि पोलीस ठाण्याच्या दारावर लागावा. सगळा जिल्हा बंद करण्यापूर्वी कोणत्या रस्त्यापासून कोणत्या नदीपर्यंत बंदी हवी, ह्याचा विचार व्हावा. पाहुणा मडगावात उतरणार म्हणून काणकोणच्या बागायतदाराची फवारणी कशासाठी अडावी? आणि ज्या दिवशी पाहुणा परत जातो त्याच दिवशी मनाई उठल्याचेही पत्रक निघावे. मनाई लावल्याची पत्रके आम्ही वर्षानुवर्षे छापीत आलो आहोत. ती उठवल्याचे एकही पत्रक आमच्या टेबलावर आल्याचे आम्हाला स्मरत नाही.