बदाम नकोत, झोप द्या

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. शाळेत जाणारं मूल घरात असेल तर मात्र पूर्ण वाचा.

गेल्या शनिवारी लेकीच्या शाळेत पालकांसाठी कार्यशाळा होती. विषय, 'मुलांची ऊर्जा आणि एकाग्रता वाढवणाऱ्या रोजच्या छोट्या सवयी'. वक्त्या छान बोलल्या. उठल्यावर कोमट पाणी, भिजवलेले चार बदाम, बारा सूर्यनमस्कार, दहा मिनिटं ध्यान. सगळं बरोबरच आहे. आम्ही पालक शहाण्या मुलांसारखे वहीत उतरवून घेत होतो. मग मी हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, हे सगळं किती वाजता करायचं?"

हॉलमध्ये हशा पिकला. पण मी गंमत करत नव्हतो.

हिशोब बघा. लेक सातवीत, वय 12. शाळा कोथरूडला, आम्ही धायरीत. बस 6.20 ला कोपऱ्यावर येते, म्हणजे उठायचं साडेपाचला. 6 ते 12 वयाच्या मुलांना दिवसाला 9 ते 12 तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. किमान नऊ धरले तरी साडेआठला झोपायला हवं. साडेआठला मी हिंजवडीहून घरात पाऊल टाकतो! मग जेवण, राहिलेला गृहपाठ, चार शब्द बोलणं, आणि समोरच्या लॉनवर लग्न असलं की साडेदहापर्यंत ढोल. पोर झोपते साडेदहाला. रोज दोन तास कमी, शाळेच्या पाच दिवसांत दहा तास. हा खड्डा चार बदामांनी भरायचा म्हणे!

आता सरकारकडे येऊ. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की मुलांची झोप होत नाही, शाळांच्या वेळा बदला. फेब्रुवारी 2024 मध्ये शासन निर्णय निघाला, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवा. उत्तम झालं. पण पाचवीपासून पुढे काय? आमच्या शाळेने साधा मार्ग काढला. खोल्या तेवढ्याच, बस तेवढ्याच, म्हणून छोट्यांना नऊवर नेलं आणि मोठ्यांना सातवर ढकललं.

हे तर अगदी उलटं आहे. वयात येताना मुलांच्या शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते. तो आळस नव्हे, आणि सगळा दोष मोबाइलचाही नव्हे. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये सांगितलं की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको. कॅलिफोर्नियात 2022 पासून कायदाच लागू झाला, हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही. तिथल्या गोष्टी उचलायच्याच असतील तर ही उचला ना. आपण उचलतो काय, तर पहाटे पाचला उठणाऱ्या उद्योजकांची पुस्तकं.

आणि हे पुण्यात चालावं याचं मला जास्त वाईट वाटतं. दुपारी एक ते चार बंद, यावरून अख्ख्या महाराष्ट्राने आपली टिंगल केली. आमच्या आजोबांचं शनिवार पेठेत छोटं दुकान होतं. सकाळी आठला उघडायचे, रात्री नऊला बंद करायचे. मधे घरी येऊन जेवण आणि वामकुक्षी. तीन तास काढले तरी दहा तास काम झालंच की! नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना कॉकपिटमध्येच आळीपाळीने डुलकी घ्यायला लावली. सरासरी 26 मिनिटांच्या झोपेने त्यांची सावधता वाढली. तेव्हा ते विज्ञान झालं, आजोबांचा मात्र विनोद झाला. 2017 मध्ये चितळे बंधूही दुपारी उघडे राहू लागले तेव्हा पुणं सुधारलं म्हणून आपणच पेढे खाल्ले. बाकरवडी दुपारी दोनला मिळते याचा मलाही आनंद आहे, खोटं कशाला बोलू. पण शहराने झोपेची लाज वाटून घ्यायला सुरुवात केली, ती अशाच कौतुकातून.

माझंही चुकतं. संध्याकाळी सातचा चहा सुटत नाही, आणि चहातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. रात्री फोन मीही बघतो. ते माझं मी सुधारेन. पण बसची वेळ मी एकटा बदलू शकत नाही, आणि लॉनवरचा ढोलही मला एकट्याला थांबवता येत नाही. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर आणि ढोल बंद, हा नियम कागदावर आहे. तक्रार केली की शेजारी म्हणतात, "एक दिवस चालवून घ्या हो." लग्नसराईत असे किती 'एक दिवस' येतात ते मोजा.

समोरची बाजू मला कळते. नऊला शाळा भरली तर नोकरी करणाऱ्या आईबापांनी मूल कुठे ठेवायचं? त्या वेळच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकणार, दोन सत्रांना खोल्या कुठून आणायच्या? खऱ्या अडचणी आहेत. मीही नऊ मागत नाही. मोठ्यांसाठी आठ मागतोय.

येत्या पालकसभेत मी लेखी अर्ज देतोय. पाचवी ते दहावीची शाळा आठला भरवा, जमत नसेल तर का नाही ते लेखी कळवा. आमच्या वर्गातल्या अकरा पालकांनी सही केली आहे. तुमच्या मुलांची शाळा किती वाजता भरते आणि बस किती वाजता येते, तेवढं खाली लिहा. आकडे अर्जाला जोडतो.