गोळाफेकीला चालेल, सोळाशेला नाही

पोलीस भरतीचं मैदान जवळ आलं की अकादमीतली पोरं विचारायला लागतात, ‘क्रिएटिन चालू करू का?’ जिममधले सर हो म्हणतात, घरचे म्हणतात किडनी जाईल. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. अठरा पूर्ण असतील, तब्येत धडधाकट असेल, तर खुशाल घ्या; पण कोणत्या गुणांसाठी घेताय ते ओळखून घ्या.

मुलांच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. स्नायूला एका झटक्यात जोर लावायचा तर एटीपी हे पेशीतलं इंधन लागतं आणि त्याचा साठा काही सेकंदांतच आटतो. तो तातडीनं भरून देतं क्रिएटिनपासून बनणारं फॉस्फोक्रिएटिन. त्याचाही जोर दहाएक सेकंदांचाच. गोळा फेकायला किंवा शंभर मीटर पळायला तो कामाचा. सोळाशेला पाच-सहा मिनिटं दम टिकवायचा असतो, तिथं त्याचा फारसा उपयोग नाही. उलट सुरुवातीला स्नायूंत पाणी धरल्यानं वजन किलो-दीड किलोनं वाढू शकतं, आणि ते घेऊनच पळावं लागतं. खरा फायदा होतो तो सरावात, जड वजनाच्या सेटमध्ये एक-दोन रेप्स जास्त निघतात तिथं. त्यामुळे घ्यायचंच तर काही महिने आधीपासून. मैदानाच्या आठवड्यात नव्यानं डबा उघडणं मला खुळेपणाच वाटतो.

माळकरी घरातली पोरं या पावडरीकडे संशयानं बघतात. खरं तर त्यांनाच तिचा जास्त गुण येण्याची शक्यता. शरीर रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन स्वतः बनवतं, बाकीचं येतं मांस-मासळीतून. त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा मुळात कमी असतो. पावडर मांसातून काढत नाहीत, कारखान्यात रासायनिक प्रक्रियेनं बनवतात. कॅप्सूलचं कवच मात्र जिलेटिनचं असू शकतं, तेवढं पाहून घ्या.

हे स्टिरॉइड नव्हे, आणि खेळांतल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘वाडा’ या जागतिक संस्थेच्या बंदी यादीतही नाही. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरे. पहिला आठवडा रोज २० ग्रॅमचं ‘लोडिंग’ सांगतात. रोज ३ ग्रॅम घेऊनही महिन्याभरात साठा तेवढाच भरतो, लोडिंगनं डबा तेवढा लवकर संपतो. साधं मोनोहायड्रेट घ्या, महागड्या प्रकारांनी त्याहून जास्त काही साधल्याचं सिद्ध झालेलं नाही. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक नसलेली, पुडीत बांधून दिलेली पावडर फुकट मिळाली तरी नको.

राहिली किडनी. स्नायूतल्या क्रिएटिनचं रोज थोडंथोडं क्रिएटिनिन होतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तात ते साचलं तर किडनीवर शंका घेतात. पावडर घेणाऱ्याचा आकडा किडनी ठणठणीत असतानाही थोडा वर सरकू शकतो, आणि रिपोर्टमधला लाल आकडा पाहून घरात सुतक पडतं. निरोगी माणसाची किडनी ठरलेल्या मात्रेनं बिघडल्याचं अभ्यासांत आढळलेलं नाही. मात्र किडनीचा आजार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नका. आणि आकडा वाढलेला दिसला तर पावडरीचं लपवू नका. डॉक्टरांना ते कळलं तर सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी तपासणी करून खात्री करून घेता येते.