पहिला आलास? मग घरी जा!

गेल्या रविवारी दाजींचा फोन आला. "काय पाव्हणं, तुमच्या त्या एक्सेलमध्ये एक हिशेब बसवून द्या." हिशेब असा: भाचा तेरा वर्षांचा, चार वर्षं कार्टिंग करतोय, राज्याबाहेर जाऊन दोन-तीन कप घेऊन आलाय. कोच म्हणतो पोरगं चांगलं आहे, आता थांबू नका. कोल्हापूरजवळचा एक प्लॉट आहे. तो विकला तर पुढची दोन वर्षं निघतील. त्यानंतर काय? कुठपर्यंत जाता येतं? आणि पैसे कधीतरी परत येतात का?

मागून ताईचा आवाज, "त्याला विचार, तो बघतो की ते रेस सगळे."

बघतो खरा. गेली कित्येक वर्षं रविवारची झोप ह्या गाड्यांपायी गेली आहे. म्हणून दाजींना उत्तर द्यायच्या आधी इथे जरा मळमळ ओकून घेतो. विषय आहे फॉर्म्युला टू आणि त्यातला २०२२ चा हंगाम. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एफ-टू म्हणजे एफ-वनच्या खालची शेवटची पायरी. एफ-वनच्याच वीकेंडला, त्याच ट्रॅकवर ह्यांच्या रेस होतात. मुख्य म्हणजे सगळ्यांना गाडी सारखी. डल्लाराची चासी, मेकाक्रोमचं ३.४ लिटरचं टर्बो व्ही-सिक्स इंजिन, पिरेलीचे टायर. तिथे दरवर्षी ऐकू येणारं रडगाणं, "गाडीच बेकार होती हो", इथे फारसं चालत नाही. टीमचा फरक पडतो, सेटअपचा पडतो, पण एका सेकंदाचा डोंगर नसतो. म्हणजे कॅम्पस टेस्टच म्हणा ना. सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ, आता दाखवा.

तर २०२२ मध्ये ह्या परीक्षेला २२ पोरं बसली. १४ राउंड, २८ रेस, मार्चमध्ये बहरीनला सुरुवात आणि नोव्हेंबरमध्ये अबू धाबीला शेवट. पहिला आला फेलिपे द्रुगोविच, ब्राझीलच्या मारिंगा गावचा. नुसता आला नाही, धुतलं त्यानं सगळ्यांना. २६५ पॉइंट. दुसरा आलेल्या तेओ पूर्शेरचे १६४. फरक १०१ पॉइंटांचा! रविवारची मोठी रेस जिंकली की २५ पॉइंट मिळतात, त्यावरून अंदाज करा. बार्सिलोनात शनिवारची रेस जिंकली, आणि रविवारी दहाव्या जागेवरून सुरुवात करून तीही जिंकली. मोनॅकोत पूर्शेर पाठीमागे लागलेला असताना भिंती चुकवत जिंकला. आणि टीम कुठली? एमपी मोटरस्पोर्ट. तोवर ह्या टीमने एफ-टूचं ड्रायव्हरांचं विजेतेपद कधी जिंकलं नव्हतं. त्या वर्षी टीमचं विजेतेपदही त्यांनीच नेलं. द्रुगोविचच्या पाठीशी एफ-वनच्या कुठल्याही टीमची ज्युनियर अकॅडमी नव्हती.

आता मला सांगा, ह्याहून जास्त काय करायचं असतं?

२०२३ च्या एफ-वन ग्रिडवर त्याला जागा मिळाली नाही. चौथा आलेल्या लोगन सार्जंटला मिळाली, विल्यम्समध्ये. ऑक्टोबरमध्ये ऑस्टिनला जाहीर झालं तेव्हा सार्जंटकडे सुपर लायसन्सही नव्हतं. म्हणजे "जागा तुझी, फक्त पुरेसे पॉइंट घेऊन ये". आपल्याकडे असतं ना, ऑफर लेटर आधी, फायनल इयरची मार्कशीट मागाहून, तसं. (सार्जंटवर माझा राग नाही. पहिल्याच पूर्ण हंगामात त्यानं सिल्व्हरस्टोन आणि ऑस्ट्रियाच्या मोठ्या रेस जिंकल्या होत्या, पोरगा वेगवान होताच. त्याला घाईनं वर ढकललं आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये झांडफोर्टनंतर तितक्याच घाईनं काढलं. तोही ह्याच यंत्रात भरडला गेला.)

ह्या सगळ्याची गंमत बघायची असेल तर २०२२ चा मोंझाचा वीकेंड बघा. मी आजही कुणाला एफ-टू समजवायला बसलो की ह्याच वीकेंडपासून सुरू करतो. शनिवार, १० सप्टेंबर. शनिवारच्या छोट्या रेसमध्ये पहिल्याच लॅपला द्रुगोविचची टक्कर झाली, गाडी बाद. बिचारा पिटवॉलवर जाऊन उभा राहिला. पूर्शेरला पुरेसे पॉइंट मिळाले नाहीत, आणि हा उभ्या उभ्या चॅम्पियन झाला! तीन राउंडांतल्या सहा रेस अजून... नाही, चुकलो, मोंझानंतर फक्त अबू धाबी उरलं होतं. पण मधे सव्वादोन महिन्यांची सुट्टी होती आणि निकाल आधीच लागलेला.

त्याच शनिवारी सकाळी विल्यम्सच्या अ‍ॅलेक्स अल्बनला अपेंडिक्सचा त्रास झाला आणि गाडीत बसवलं निक डी व्रीसला. हा कोण? तर २०१९ चा एफ-टू चॅम्पियन. तीन वर्षं झाली, एफ-वनची रेस नशिबात नव्हती. आदल्या दिवशी तर तो त्याच मोंझात अ‍ॅस्टन मार्टिनची गाडी सरावात चालवत होता. शुक्रवारी एका कंपनीचा टी-शर्ट, शनिवारी दुसरीचा. रविवारी काय केलं त्यानं? आयुष्यातल्या पहिल्याच रेसमध्ये नववा आला, दोन पॉइंट! त्याच टीमचा नेहमीचा ड्रायव्हर लतिफी पंधरावा.

आणि त्याच रविवारी एफ-टूची मोठी रेस कुणी जिंकली? आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालानं. मोंझात, इटालियन प्रेमा टीमच्या गाडीत. मी घरात एकटाच नाचलो होतो, खोटं कशाला सांगू.

आता ह्या तिघांचं पुढे काय झालं बघा. डी व्रीसला त्या एका रेसच्या जोरावर अल्फाटाउरीत जागा मिळाली आणि २०२३ मध्ये दहा रेसनंतर नारळ मिळाला. जेहान हंगामात सातवा आला, २०२३ मध्ये चौथ्यांदा एफ-टू खेळला आणि मग मासेराटीतून फॉर्म्युला ई मध्ये गेला. आणि चॅम्पियन द्रुगोविच? तो अ‍ॅस्टन मार्टिनचा रिझर्व्ह ड्रायव्हर झाला.

रिझर्व्ह म्हणजे काय हे आयटीवाल्यांना समजवायला नको. बेंच! रोज ऑफिसला या, कॅफेटेरियात बसा, ट्रेनिंग करा, कुणी प्रोजेक्ट सोडतंय का बघत राहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये लान्स स्ट्रोल सायकलवरून पडला आणि मनगटं दुखावली, तेव्हा बहरीनच्या चाचणीत द्रुगोविचला गाडी मिळाली. वाटलं, लागला नंबर. पण स्ट्रोल परत आला, आणि दुखऱ्या हातांनी सहावा आला. (मर्द आहे, मान्य. पण टीमही वडिलांची आहे, हेही तितकंच मान्य.) पुढे २०२३ मध्ये सिंगापूरला आणि २०२५ मध्ये स्पेनला स्ट्रोल रेसला उतरला नाही, पण दोन्ही वेळा निर्णय क्वालिफाइंगनंतर झाला. नियम असा की क्वालिफाइंगमध्ये नसलेल्या ड्रायव्हरला रेस चालवता येत नाही. टीम एकाच गाडीनिशी उतरली आणि चॅम्पियन बेंचवरच.

मग तो एफ-टूमध्ये परत का नाही गेला, असं तुम्ही विचाराल. जाता येत नाही! चॅम्पियनला त्या मालिकेत पुन्हा उतरायला बंदी आहे. दुसरा आलेला परत येऊ शकतो, सातवा येऊ शकतो, चार-चार वर्षं बसू शकतो. पहिल्या नंबराचं मात्र शाळेतून नाव काढणार, आणि कॉलेजवाले म्हणणार आमच्याकडे जागा नाही. आमच्या गावच्या हेडमास्तरांनाही असला नियम सुचला नसता.

मी हे ऑफिसात बोललो की एक मित्र ठरलेलं उत्तर देतो: "अरे, तिसऱ्या वर्षी कुणीपण जिंकेल. खरं टॅलेंट पहिल्या वर्षी दिसतं." ह्या वाक्याचा मला भयंकर कंटाळा आला आहे. द्रुगोविचचं ते तिसरं वर्ष होतं, कबूल. २०२१ मध्ये तो आठवा होता, तेही कबूल. पण तिसऱ्या वर्षी कुणीपण जिंकत असेल तर जेहानही त्याच वर्षी तिसऱ्यांदा खेळत होता, तोही प्रेमाच्या गाडीत. का नाही जिंकला? आणि पहिल्या वर्षीचंच टॅलेंट खरं मानायचं तर ऑस्कर पिआस्त्री घ्या. २०२१ मध्ये पहिल्याच वर्षी एफ-टू जिंकला, आणि २०२२ चं अख्खं वर्ष अल्पीनचा रिझर्व्ह म्हणून काढलं. शेवटी ऑगस्टमध्ये अल्पीननं त्याचं नाव परस्पर जाहीर केलं, त्यानं "मी नाही येत" म्हणून कळवलं, आणि मॅक्लारेनचा करार खरा ठरला. २०२० चा चॅम्पियन मिक शूमाखर? २०२२ च्या शेवटी हासनं त्याला काढून पस्तिशीतला हुल्केनबर्ग परत आणला. आता कुठला निकष लावायचा, मित्रा? पहिल्या वर्षी जिंकला तरी बाक, तिसऱ्या वर्षी जिंकला तरी बाक.

आणि हे आजचं नाही. एफ-टूचं नाव जीपी-टू होतं तेव्हा २००८ मध्ये जॉर्जिओ पांतानो जिंकला, ब्रुनो सेनाला मागे टाकून. त्यानंतर पांतानोला एफ-वनची रेस मिळाली नाही, सेनाला मिळाली. २०१२ चा चॅम्पियन वाल्सेक्की तर लोटसचा रिझर्व्ह होता. २०१३ मध्ये रायकोनेन शेवटच्या दोन रेसना नव्हता, आता तरी ह्याला बसवतील ना? कोवालाइनेनला बाहेरून बोलावलं! २०१३ चा लाइमर, २०२३ चा पूर्शेर, ह्यांनाही एफ-वनची सीट नाही. २०२५ चा फोर्नारोली चॅम्पियन झाला आणि २०२६ साठी सीट मिळाली अरविद लिंडब्लाडला, जो पहिल्या तिनातही नव्हता.

लक्लेर, रसेल, बोर्तोलेतो वर गेले ना, असं म्हणाल. गेले, पण जिंकण्याआधीच त्यांच्यामागे कुणीतरी उभं होतं. फेरारी, मर्सिडीज आणि अशीच वजनदार मंडळी. माझा राग नेमका इथे आहे. एफ-वन टीमनं कुणाला घ्यावं हा त्यांचा प्रश्न, त्यांचे पैसे. पण ही मालिका पोरांच्या बापांना विकली जाते ती गुणवत्तेची शिडी म्हणून. एका हंगामाचा खर्च वीस ते तीस लाख युरो सांगितला जातो. रुपयांत तुम्हीच करा, मला करवत नाही. एवढे पैसे घेऊन जर निकालपत्राला किंमत नसेल, तर हा टोलनाका झाला. आणि तोही असा की पावती फाडली म्हणून पुढे रस्ता असेलच असं नाही.

करता काही येत नाही असंही नाही. २०२२ पासून एफ-वनच्या प्रत्येक टीमला सरावाची काही सत्रं नवख्यांना द्यावी लागतात, आधी वर्षाला दोन, २०२५ पासून चार. दहा टीम धरल्या तरी चाळीस सत्रं. त्यातली पाच-सहा चॅम्पियनच्या नावानं राखून ठेवायला काय जातं? वेगवेगळ्या गाड्यांत, सगळ्यांच्या डेटासमोर चालवू दे त्याला. हंगामाची फी परत द्या. आणि सीट मिळाली नाही तर ती बंदी उठवा, निदान एक वर्ष. अमेरिकेत इंडी लाइट्स जिंकणाऱ्याला कित्येक वर्षं इंडीकारच्या काही रेससाठी पैसे बक्षीस मिळायचे, इंडियानापोलिस ५०० सकट. तिथेही सगळं आलबेल नाही, २०२२ च्या लुंडक्विस्टला २०२३ मध्ये बदली म्हणून तीनच रेस मिळाल्या. पण मिळाल्या तरी.

द्रुगोविचचं म्हणाल तर तो ल मान्सला कॅडिलॅक चालवून आला. २०२५ च्या जुलैमध्ये बर्लिनला फॉर्म्युला ई मध्ये डी व्रीसच्या जागी बदली म्हणून उतरला (हो, तोच डी व्रीस), आणि टीम कुठली, तर आपली महिंद्रा. त्यानंतर अँड्रेटीनं त्याला पूर्ण हंगामासाठी घेतलं. उपाशी नाही मेला, चांगलं चाललंय त्याचं.

दाजींची शीट मी काल रात्री केली. कार्टिंग, मग इथली एफ-फोर, मग युरोप, मग एफ-थ्री, मग एफ-टू. पाचव्या ओळीपर्यंत प्लॉट संपतो, दाजींचं घरही संपतं, आणि पोरगा तोवर एफ-थ्रीलासुद्धा पोचलेला नसतो. शीट मेल केली. सकाळी दाजींचा फोन नाही आला, भाच्याचा आला. "मामा, त्यात चॅम्पियन झाल्यावर किती मिळतात ते लिहायचं राहिलंय."

राहिलं नव्हतं. मी तिथे शून्य टाकलं होतं, त्याला वाटलं भरायचं राहिलं. त्याला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. दुपारी ताईकडे फोन करेन म्हणतो.