क्ष-किरणांनी टिपलेली समुद्राची झीज

ब्रिटनच्या 'एचएमएस चॅलेंजर' या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगातील महासागरांची पहिली व्यापक शास्त्रीय पाहणी केली. त्या सफरीत जमा झालेले प्लवक जीवांचे आणि सागरतळावरील गाळाचे नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जतन करून ठेवण्यात आले. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. विल्हेल्म राँटजेन यांनी तो १८९५ मध्ये लावला. मात्र त्याच किरणांच्या साहाय्याने हे जुने नमुने २०२० मध्ये पुन्हा बोलते झाले आणि त्यांनी दिलेली साक्ष चिंता वाढविणारी ठरली.

लिंडसे फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चॅलेंजरने प्रशांत महासागरातून आणलेल्या फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचांची तुलना 'तारा' या फ्रेंच संशोधन नौकेने २००९ नंतर गोळा केलेल्या नमुन्यांशी केली. वाळूच्या कणाएवढ्या या कवचांच्या भिंती आजच्या नमुन्यांत जुन्यांपेक्षा पातळ आढळल्या. 'निओग्लोबोक्वाड्रिना ड्युटर्ट्रेई' या जातीत ही घट ७६ टक्क्यांपर्यंत होती. काही कवचे तर इतकी विरळ होती की, त्यांची त्रिमिती प्रतिमा मिळविणेही अवघड झाले.

या घटनेमागचे रसायनशास्त्र फारसे गुंतागुंतीचे नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० भागांच्या वर गेले आहे. मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश वाटा समुद्र शोषून घेतो. पाण्यात विरघळलेल्या या वायूचे कार्बोनिक आम्ल बनते, त्यातून हायड्रोजनचे आयन सुटतात आणि ते पाण्यातील कार्बोनेट आयनांना बांधून टाकतात. कॅल्शियम कार्बोनेटचे कवच उभारण्यासाठी प्लवकांना हेच आयन हवे असतात. समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला आहे. आकडा किरकोळ वाटला तरी हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांची वाढ झाली आहे. समुद्राचे पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे. मात्र त्याची दिशा आम्लतेकडे आहे.

कवचे विरघळतात, ही बाब नवी नाही. खोल समुद्रातील थंड आणि प्रचंड दाबाच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट टिकत नाही. काही किलोमीटर खोलीनंतर सागरतळावरील पांढरट चुनखडीयुक्त गाळ संपतो आणि तांबूस माती सुरू होते, हे चॅलेंजरच्या शास्त्रज्ञांनाही दिसले होते. आजची चिंता वेगळी आहे. जी झीज आजवर अथांग खोलीत होत होती, तिची चिन्हे आता पृष्ठभागाजवळ दिसू लागली आहेत. दक्षिण महासागरात २००८ मध्ये पकडलेल्या टेरोपॉड, म्हणजे पंखासारख्या अवयवांनी पोहणाऱ्या चिमुकल्या सागरी गोगलगाईंच्या कवचांवर, त्या जिवंत असतानाच विरघळण्याच्या खुणा आढळल्या. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

या अभ्यासात क्ष-किरणांना एवढे महत्त्व का, हे समजून घ्यायला हवे. पूर्वी कवचांचे वजन करून त्यांच्या जाडीचा अंदाज बांधला जाई. परंतु कवच लहान असले तरी वजन कमी भरते आणि आत गाळ अडकला असेल तर ते वाढते. कवच फोडून पाहिले तर नमुना नष्ट होतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या, पुन्हा कधीही न मिळणाऱ्या नमुन्यांच्या बाबतीत हा मार्ग परवडणारा नाही. सूक्ष्म सी. टी. स्कॅन तंत्राने ही अडचण दूर केली. रुग्णालयात यंत्र रुग्णाभोवती फिरते. येथे नमुनाच क्ष-किरणांच्या झोतात सावकाश फिरविला जातो. निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या शेकडो छायाचित्रांवरून संगणक कवचाची त्रिमिती प्रतिमा तयार करतो. त्यातून प्रत्येक कप्प्याच्या भिंतीची जाडी, कवचाचे आकारमान आणि घनता मोजता येते आणि नमुना जसाच्या तसा राहतो.

या तंत्राचा आणखी एक उपयोग अधिक मोलाचा आहे. कवच पातळ होण्याची कारणे दोन असू शकतात. एकतर जीवाने ते मुळातच पातळ बांधले असेल किंवा बांधल्यानंतर ते विरघळले असेल. बाहेरून पाहून हा भेद करणे कठीण असते. जपानमधील संशोधकांनी प्रयोगशाळेत फोरॅमिनिफेराची कवचे विरघळवून त्यांचे क्ष-किरण चित्रण केले, तेव्हा झीज सर्वत्र सारखी होत नसल्याचे दिसले. आतील कमी घनतेचा थर आधी जातो आणि बाहेरचा भाग त्यामानाने अधिक काळ टिकतो. म्हणजे वरून धडधाकट दिसणारे कवच आतून पोखरलेले असू शकते. घनतेच्या या नकाशावरून बांधणीतील उणीव कोणती आणि नंतरची झीज कोणती, हे ठरविण्यास आधार मिळतो.

तथापि, या निष्कर्षांवरून सरसकट अनुमान काढणे योग्य ठरणार नाही. ७६ टक्के हा आकडा एका जातीतील कमाल घटीचा आहे. तो सर्व महासागरांना लागू होत नाही. दक्षिण महासागरातील 'ग्लोबिजेरिना बुलॉइडिस' या जातीची आधुनिक कवचे गाळातील जुन्या कवचांपेक्षा ३० ते ३५ टक्क्यांनी हलकी असल्याचे २००९ मध्ये दिसले होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ त्याच जातीत शतकभरात सुमारे २० टक्क्यांची घट झाल्याचे २०२० मध्ये नोंदले गेले. पाण्याचे तापमान, अन्नाची उपलब्धता आणि प्रवाहांतील दशकागणिक होणारे बदल यांचाही कवचांवर परिणाम होतो. आकडे वेगळे असले तरी या तिन्ही पाहण्यांतील बदलाची दिशा मात्र एकच आहे.

या जीवांचे महत्त्व त्यांच्या आकारावरून ठरत नाही. टेरोपॉड हे मासे आणि देवमाशांचे खाद्य आहे. मृत प्लवकांची जड कवचे सेंद्रिय कार्बनला आपल्याबरोबर तळाकडे ओढून नेतात. ती हलकी झाली तर ही वाहतूक मंदावण्याचा धोका आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पृथ्वीच्या आरोग्याविषयीच्या एका आंतरराष्ट्रीय अहवालाने सागरी आम्लीकरणाची सुरक्षित मर्यादा ओलांडली गेल्याचे प्रथमच नमूद केले, तेही याच पार्श्वभूमीवर.

भारताच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक धडा निघतो. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत १९६० च्या दशकात जमा झालेल्या प्राणिप्लवकांच्या वर्गीकरणाचे काम कोची येथे झाले. त्याच मोहिमेच्या पाठोपाठ १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्रात खालचे कार्बनयुक्त पाणी वर येते. त्यामुळे येथील नैसर्गिक चढउतार आणि मानवनिर्मित बदल वेगळे करायचे, तर जुन्या नमुन्यांशी तुलना करण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र जतनासाठी वापरले जाणारे फॉर्मॅलिन कालांतराने आम्लधर्मी बनते आणि काळजी न घेतल्यास बाटलीतच कवचे विरघळवू शकते. समुद्राची साक्ष अशा रीतीने कपाटातच नष्ट होऊ शकते.

चॅलेंजरवरील शास्त्रज्ञांना आपल्या नमुन्यांचा हा उपयोग ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही दीडशे वर्षे ते सांभाळले गेले, म्हणून आज झीज मोजता आली. क्ष-किरण यंत्र विकत घेता येते. गेलेल्या काळाचा नमुना मात्र पैसे मोजून मिळत नाही. ही झीज थांबविण्याचा खात्रीचा उपाय कार्बन उत्सर्जन घटविणे हाच आहे. तो किती फळाला आला, हे पुढील पिढ्यांना तपासायचे असेल, तर आजच्या समुद्राचे नमुने काळजीपूर्वक राखून ठेवणे ही आजच्या पिढीची जबाबदारी ठरते.