जयंतीला मोजतो, परीक्षेला का मोजत नाही?

"चळवळीत पडू नकोस, आधी शिक." घराण्यातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या आपल्या पोरापोरींना हे ऐकावेच लागते. आईबापांची भीती खोटी नाही. पण आम्ही उलट म्हणतो: कॉलेजात ज्याचे कोणी नाही, तोच आधी गळतो.

गळती फक्त फीमुळे होत नाही. महाडीबीटीवरचा अर्ज एका दाखल्यासाठी परत येतो, शिष्यवृत्ती अडकते, पहिल्या सत्रात दोन विषय राहतात. ज्याच्या घरात पदवीधर आहे, त्याला कोणीतरी सांगते की एटीकेटी म्हणजे शेवट नव्हे. आपल्या पोराला वाटते, हे आपले कामच नाही. तो दिवाळीला गावी जातो आणि परतत नाही.

बाबासाहेबांनी नुसत्या वर्गखोल्या बांधल्या नाहीत. 1946 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थी संसद होती. 1950 मध्ये औरंगाबादेत सुरू झालेल्या महाविद्यालयाने, म्हणजेच पुढच्या मिलिंदने, खेड्यांतल्या पोरांना वसतिगृह दिले, रंगमंच दिला. प्राचार्य म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' नाटक तिथलेच. जिथे आपण बोललो, भांडलो, नाटक केले, ती जागा सहज सोडवत नाही.

व्यवस्थेलाही हे पक्के ठाऊक आहे. 2015 मध्ये हैदराबाद विद्यापीठाने रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथींना ग्रंथालयात, विभागात जाऊ दिले. बंद केले ते वसतिगृह आणि सार्वजनिक जागांत एकत्र येणे. पुस्तक ठेवले, माणसे तोडली. 17 जानेवारी 2016 ला काय घडले, ते आपण विसरलेलो नाही.

मग आपल्या संघटना काय करतात? 14 एप्रिलच्या मिरवणुकीला किती पोरे आली, हे आम्ही मोजतो. त्यातली किती सत्र परीक्षेला बसली, हे मोजत नाही. ऐन परीक्षेत पोस्टर चिकटवायला नेणारा कार्यकर्ता आईबापांची भीती खरी करतो.

म्हणून प्रत्येक कॉलेजातल्या गटाने प्रथम वर्षाच्या आपल्या विद्यार्थ्यांची यादी करावी. शिष्यवृत्तीचा अर्ज सोबत बसून भरावा. आठवड्यातून एक दिवस अभ्यासवर्ग, आणि त्यात बोलण्याची पहिली संधी नव्याला. कोणी आठ दिवस दिसला नाही, तर फोन करावा. फोन लागला नाही, तर खोलीवर जावे.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातले दुसरे पाऊल पहिल्याला टिकवण्यासाठीही आहे. पुढच्या जयंतीला ढोलताशाचा हिशेब मांडू, तेव्हा गळलेल्या पोरांचाही मांडू.

जय भीम!