‘देवाची इच्छा’ कोण म्हणतंय?

२०२२ साली भाऊबीज २६ ऑक्टोबरला आली. आदल्या संध्याकाळी सूर्याला ग्रहण लागलेलं होतं आणि त्याच अवस्थेत तो समुद्रात बुडाला होता. पंचांगात त्याला ग्रस्तास्त म्हणतात. भाऊबीजेच्या दुपारी साडेचारच्या सुमारास तारापूर औद्योगिक वसाहतीत रंगरसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात व्हेसल, म्हणजे रासायनिक प्रक्रियेचं बंद भांडं, फुटलं. तीन कामगार गेले, कितीतरी भाजले. त्या रात्रीपासून बोईसरमध्ये जे बोलणं सुरू झालं, ते मी पुढे आठवडाभर ऐकत होतो. कुणी म्हणे, ग्रहण बाधलं. त्यावर कुणी तरुण पोरगा उसळून विचारी, ग्रहण काय फक्त एमआयडीसीलाच लागलं होतं? मग पहिला म्हणे, ज्याची त्याची वेळ भरली की कुणी थांबवू शकत नाही. पोरगा म्हणे, कंपन्यांच्या गेटवर देव बसवलेत ना, त्यांनी का नाही थांबवलं?

मी देव मानत नाही. त्या पोराचा प्रश्न तर्काच्या बाजूने मला बरोबरच वाटतो. पण आठवडाभर ग्रहणावर, कर्मावर, देवाच्या असण्या-नसण्यावर इतकं बोलणं झालं आणि जे फुटलं त्या व्हेसलबद्दल मला कुणाच्याच तोंडून चार वाक्यं ऐकू आली नाहीत, याने मी अस्वस्थ होतो. आजही आहे.

व्हेसल कारणाशिवाय फुटत नाही. आत चाललेली रासायनिक प्रक्रिया पुष्कळदा स्वतःच उष्णता सोडते. ती काढून घेण्यासाठी बाहेरच्या जॅकेटमधून थंड पाणी खेळवतात आणि आतला माल सतत ढवळत ठेवतात. पाणी बंद पडलं, ढवळणारा पंखा थांबला किंवा बॅच लवकर उरकायची म्हणून माल एकदम सोडला, की उष्णता साठते. उष्णता साठली की प्रक्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता. मग दाब चढू लागतो. तेव्हाही एक वाट ठेवलेली असते. सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, ठरलेल्या दाबाला फाटून आतलं बाहेर सोडणारी पातळ चकती असते. ती बदलली कधी, व्हॉल्व्ह तपासला कुणी, दाबाचा काटा चालू होता का, काटा लाल रेषेवर गेला तर काय करायचं हे तिथे उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला त्याच्या भाषेत कुणी सांगितलं होतं का? कुठल्या दुर्घटनेत यातलं नेमकं काय बिघडलं, ते चौकशीतच ठरतं. पण हे प्रश्न गावाच्या चर्चेत येतच नाहीत. तिथे देव येतो, आणि मग त्याच्यापुढे दुसऱ्या कुणाला बोलावायची गरज उरत नाही.

तारापूरमध्ये याची सवय व्हावी इतक्या वेळा हे झालंय. ८ मार्च २०१८ च्या रात्री स्फोट आणि आग, तीन मृत्यू. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवडे गावाजवळ तारा नायट्रेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारखान्यात स्फोट, आठ मृत्यू. त्याचा आवाज कित्येक किलोमीटरवर गेला आणि लोक भूकंप समजून घराबाहेर पळाले. आमच्या पालघर जिल्ह्यात ती समजूत साहजिक होती, त्याबद्दल पुढे बोलतो. २१ ऑगस्ट २०२५ ला एका औषध कंपनीत वायुगळती झाली, चार कामगार गेले. आठवडाभरातच, २६ ऑगस्टच्या मध्यरात्री, गणेश चतुर्थी उजाडायला काही तास असताना विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंट कोसळलं आणि सतरा माणसं दगावली. त्या इमारतीत त्या रात्री एका वर्षाच्या मुलीचा वाढदिवस साजरा झाला होता. ती मुलगीही गेली. इमारत अनधिकृत होती. बाप्पा दाराशी आलेला असताना असं का, हा प्रश्न तेव्हा श्रद्धाळू माणसांनीही स्वतःला विचारला असणार, आणि मला तो मुळीच पोरकट वाटत नाही.

आता मला जे सांगायचंय ते असं. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य कोण म्हणतंय, यावर सगळं अवलंबून आहे.

कारखान्यात मुलगा गेलेल्या आईने ते म्हटलं, तर तिला पुढची रात्र काढायची आहे. तिच्यापुढे कुठलाही सिद्धान्त नाही. तिला कुणाला माफ करायचं नाही, कुणाला दोषी धरायचं नाही, तिला फक्त पहाटेपर्यंत पोचायचं आहे. अशा घरी मी भेटायला गेलो आहे. भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर, कोपऱ्यात नातलग बायका, बाहेर खुर्च्यांवर पुरुष, आणि त्या पुरुषांत कुणीतरी शिकलेला, माझ्यासारखाच नास्तिक, हळू आवाजात का होईना पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, एवढे उपास केले काकींनी, काय उपयोग झाला? मला तेव्हा त्याचा हात धरून त्याला बाहेर न्यावंसं वाटलं. ज्या बाईचं सगळं गेलंय तिच्याकडे उरलेली एक गोष्ट हिसकावून आपण विवेकाचं कुठलं काम करतो? ती चूक ठरली, तरी व्हॉल्व्ह दुरुस्त होत नाही.

तेच वाक्य कारखान्याच्या मालकाने, मॅनेजरने, तपासणीचं काम असलेल्या अधिकाऱ्याने किंवा भरपाईचा चेक देताना पुढाऱ्याने म्हटलं, तर ते पळवाट शोधणं आहे. तिथे माझे नास्तिक मित्र गप्प असतात, कारण एव्हाना त्यांचा सगळा जोर आईशी वाद घालण्यात संपलेला असतो. आणि श्रद्धाळू मित्रही गप्प असतात, कारण देवाचं नाव घेणारा माणूस त्यांना आपल्यातला वाटतो. माझी तक्रार दोघांबद्दल आहे. पण श्रद्धाळूंबद्दल थोडी जास्त आहे, कारण इथे देवाच्या नावाचा वापर होतोय आणि त्याचा राग आधी त्यांना यायला हवा.

कायद्याने ही पळवाट चाळीसेक वर्षांपूर्वी बुजवली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. भोपाळच्या वायुकांडाला वर्ष पूर्ण होत असतानाच, ४ डिसेंबर १९८५ ला, दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायू गळला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २० डिसेंबर १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश पी. एन. भगवती त्या पीठावर होते. तोवर एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रजी खटल्याचा नियम चालत असे आणि त्यात धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याला काही सवलती होत्या. दैवी आपत्तीने घडलं, त्रयस्थाने केलं, असं तो म्हणू शके. न्यायालयाने म्हटलं, धोकादायक उद्योगाला यातली एकही सवलत नाही. तुम्ही कितीही काळजी घेतली असेल, तरी तुमच्या कारखान्यातून निघालेल्या धोक्याने माणसाला इजा झाली तर भरपाई तुम्हीच द्यायची. त्याआधी दोन वर्षं भोपाळमध्ये हजारो माणसं गेली होती, त्याची छाया त्या निकालावर आहे. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. त्यात कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती आली, आणि जिवाला तात्काळ धोका दिसला तर तो मालकाला आणि कारखाना निरीक्षकाला कळवण्याचा कामगाराचा हक्क आला. तारापूरच्या किती कंत्राटी कामगारांना हे कुणी वाचून दाखवलं असेल?

भूकंपाचं म्हणालो होतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत धक्के सुरू झाले आणि महिनोन्‌महिने थांबलेच नाहीत. धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले ही नावं तेव्हा रोज बातम्यांत होती. माणसं थंडीत घराबाहेर झोपत. १ फेब्रुवारी २०१९ ला हळदपाड्यात धक्क्याने घाबरून पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. मी तेव्हा पाहिलं ते असं की कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपलेल्या कुडाच्या घरात राहणारी वारली माणसं घराला फारशी घाबरत नव्हती. भीती विटांच्या भिंतींची होती, ज्यांना भेगा पडल्या होत्या. घर कशाचं बांधलंय याने जीव वाचतो किंवा जातो, हे किल्लारीने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे फार मोठी किंमत घेऊन शिकवलं होतं. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती आणि जड दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. तेव्हाही बाप्पाला निरोप दिला आणि लगेच असं झालं, ही हळहळ महाराष्ट्रभर होती. आमच्या जिल्ह्यात विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे, वारल्यांचे हिरवा आणि वाघदेव आहेत, वसईत चारशे वर्षांहून जुनी चर्च आहेत, मच्छीमार गावांत स्वाध्यायाची माणसं आहेत आणि तलासरीत गोदावरी परुळेकरांच्या काळापासूनचा लाल बावटा आहे. देव मानणारे आणि न मानणारे एकाच पाड्यात राहतात. धक्के त्या सगळ्यांना सारखेच बसले.

देवाचा कोप म्हणणाऱ्यांत एक फार मोठा माणूस होऊन गेला आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असं ते जाहीरपणे म्हणाले. रवींद्रनाथांना हे सहन झालं नाही. निसर्गातल्या घटनेचं कारण निसर्गातच असतं, आणि हाच युक्तिवाद तुमचे विरोधक तुमच्यावर उलटवू शकतील, असं त्यांनी लिहिलं. गांधीजींनी ते स्वतःच्या ‘हरिजन’मध्ये छापलं आणि सोबत आपलं उत्तर दिलं. मी पूर्णपणे रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. त्या भूकंपात ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत अस्पृश्यही होते, तान्ही मुलंही होती, ती कुठल्या पापाची शिक्षा? तरीही गांधीजींचं एक मला विसरता येत नाही. त्यांनी पाप मेलेल्यांच्या माथी मारलं नाही, ते आपल्या सवर्ण समाजाकडे, स्वतःकडे घेतलं. आजचे कोप सांगणारे नेमकं उलट करतात. गेलेल्याची कुंडली काढतात, त्याच्या घरच्यांनी कुठला नवस फेडला नाही ते शोधतात.

श्रद्धा असलेल्या माणसाने संकटात काय करावं, याचं मराठी मुलखातलं उत्तर माझ्यासारख्या नास्तिकालाही नमवतं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मूल गेलं. परंपरा सांगते की सावकारीची कागदपत्रं त्यांच्या घरी होती, आणि आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. ज्या घरात माणसं अन्न अन्न करत मेली, त्या घराला दुसऱ्याच्या घरातली वसुली करवेना. देव आहे की नाही यावर तुकोबा विठ्ठलाशी हवं तितकं भांडले, पण त्या भांडणाआधी त्यांनी कर्ज मोडलं. आणि न मानणाऱ्यांत डॉ. श्रीराम लागू. परमेश्वराला रिटायर करा, असं उघडपणे सांगणारा हा नट. त्यांचा मुलगा तन्वीर रेल्वेगाडीत बाहेरून आलेला दगड लागून गेला. इतक्या मोठ्या आघातानंतरही ते देवाकडे वळले नाहीत. त्यांनी मुलाच्या नावाने रंगकर्मींसाठी सन्मान सुरू केला. याच लागूंना सोबत घेऊन डॉ. नरेंद्र दाभोलकर गावोगाव विवेकाचे वाद-संवाद घडवत. लागू देव नाकारत, आणि त्याच व्यासपीठावर दाभोलकर सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देवाधर्माला विरोध नाही, विरोध आहे तो शोषणाला. आम्हा नास्तिकांनी दाभोलकरांचं हे वाक्य भाषणात खूप वापरलं, दुःखाच्या घरात मात्र ते बाहेरच ठेवून आलो.

तारापूरच्या स्फोटात गेलेल्या माणसाच्या घरी पहिल्या दोन दिवसांत जे विचारायला हवं ते अगदी साधं आहे. त्याचं नाव कंपनीच्या किंवा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर होतं का? कामगार विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, नोंद होती का? असेल तर कामावर मृत्यू झाल्यास घरच्यांना सरासरी वेतनाच्या नव्वद टक्के लाभ मिळतो, तो अर्ज कोण भरतंय? नोंद नसेल तर कामगार भरपाईच्या कायद्याखाली मूळ मालकालाही धरता येतं, कंत्राटदाराकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही, हे कुणी सांगितलंय का? तो उत्तर प्रदेशचा, बिहारचा किंवा ओडिशाचा असेल, तर शव घेऊन गावी निघालेल्या भावाच्या हातात एफआयआरची प्रत आहे का? एकदा रेल्वे बोईसर सोडून गेली की तो कागद मिळवायला त्याला पुन्हा येणं जमत नाही.

आणि एक मागणी गावाने करायची आहे. २०१८, २०२०, २०२२ आणि २०२५ च्या दुर्घटनांच्या चौकशीत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला काय आढळलं, कुणावर काय कारवाई झाली, हे त्यांनी ग्रामसभेत येऊन मराठीत आणि हिंदीत वाचून दाखवावं. कोलवडे, कुंभवली, सालवड, पास्थळ, सरावली, सगळीकडे ग्रामसभा होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा तर ठरलेल्याच आहेत. विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला गावकऱ्यांचा लेखी अर्ज पुरतो. मी माझ्या गावात तो दिला आहे. त्यावर पहिली सही आमच्या देवळाच्या पुजारीकाकांची आहे, दुसरी माझी.