पुण्याची वाट : मोटारीची कीं आगगाडीची?

गेल्या डिसेंबरांत, नाताळच्या सुटीपूर्वीं, आमच्या नववीच्या वर्गाची सहल पुण्यास गेली. ती आगगाडीनें नेण्याचें आम्हीं ठरविलें, तेव्हां कांहीं पालकांनीं शाळेंत येऊन आपली नापसंती स्पष्ट शब्दांत कळविली. त्यांचें म्हणणें वावगें नव्हतें. मुरगुडास रेल्वे नाहीं. प्रथम एस. टी. नें सुमारें पन्नास किलोमीटर कोल्हापुरास जावयाचें, तेथें गाडीची वाट पाहावयाची, आणि मग सात-साडेसात तास डब्यांत बसावयाचें. त्यापेक्षां खासगी बस शाळेच्या दारांतून निघून पांच-सहा तासांत पुण्यास पोंचवील, हा हिशेब कोणासहि पटण्यासारखा आहे. एका पालकांनीं तर, "सर, मुलांना ही शिक्षा कशाबद्दल?" असें हंसत विचारलें. त्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं त्या वेळीं नीटसें दिलें नाहीं. तें येथें देण्याचा विचार आहे.

घड्याळापुरतें बोलावयाचें तर आगगाडी हरते, हें आधींच मान्य करूं. कोल्हापुराहून पुणें सडकेनें सुमारें २३० किलोमीटर आहे. रुळांवरून तेंच सव्वातीनशें होतें. कारण कोल्हापूरची गाडी प्रथम पूर्वेस मिरजेस जाते, आणि तेथून सांगली, किर्लोस्करवाडी, कराड, सातारा, लोणंद, जेजुरी असा वळसा घेत पुणें गांठते. पोलादी चाक पोलादी रुळावर फार थोड्या विरोधानें फिरतें, म्हणून थोड्या शक्तींत पुष्कळ ओझें ओढलें जातें. पण त्याच गुणामुळें गाडीस उभा चढ साधत नाहीं, तिला डोंगराशीं गोडीनें वागावें लागतें. घर्षणाचा हा धडा मुलांनीं पुस्तकांत वाचला होता. डोळ्यांनीं पाहिला तो या प्रवासांत. एप्रिल २०१६ मध्यें तहानलेल्या लातुरास मिरजेहून पाण्याची पहिली गाडी गेली, तींत एका खेपेस पांच लाख लिटर पाणी होतें. दहा हजार लिटरचा एक याप्रमाणें तेवढ्यासाठीं सडकेवर पन्नास टँकर लागले असते. माणसांचीहि गोष्ट निराळी नाहीं. हा मार्ग आतां विजेवर चालतो. आपल्या देशांत वीज अद्याप बव्हंशीं कोळशापासून होते, तेव्हां गाडीचा धूर मुळींच नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. तथापि एका माणसामागें तो एकटादुकट्या मोटारीच्या किंवा विमानाच्या मानानें किती तरी थोडा पडतो.

परंतु आमचा मुख्य मुद्दा धुराचा नाहीं. वांचविलेला वेळ कोणाचा, हा आहे. आपल्या गांवांतील कित्येक घरांतील मुलें आज पुण्यास नोकरीस आहेत. शनिवारीं रात्रीं मोटारीनें निघावें, रविवार तेथें काढावा, आणि सोमवारीं सकाळीं कामावर हजर होण्यासाठीं पुनः रात्रभर गाडी हांकीत परतावें, हा क्रम आतां अंगवळणीं पडला आहे. यांत दोन तास वांचले असें आपण म्हणतों. मोटार हांकणाऱ्या बापाचे मात्र ते सर्व तास खर्ची पडलेले असतात. त्याचे डोळे रस्त्यावर, हात चक्रावर. मागें बसलेल्या मुलानें कांहीं विचारलें तर "थांब जरा" एवढेंच उत्तर मिळतें. आणि हें झोपेशीं झगडत चालतें. २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. म्हणजे दर तासास सरासरी एकोणीस. ही संख्या फळ्यावर लिहून आम्हीं वर्गास भागाकार करावयास सांगितला होता. उत्तर आल्यावर वर्गांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

आगगाडींत बापाचे हात मोकळे असतात, याचें मोल आम्हांस फार वाटतें.

आतां थोडें मागें वळून पाहूं. कोल्हापूर-मिरज हा फांटा १८९१ सालीं सुरू झाला, आणि तो कोल्हापूर संस्थानाचा होता. १८८८ सालीं त्याची पायाभरणी झाली ती शाहू छत्रपतींच्या हस्तें, आणि त्या वेळीं त्यांचें वय आमच्या नववीच्या मुलांहून कमीच होतें. ते मूळचे आपल्याच कागलच्या घाटगे घराण्यांतले. आज स्टेशनासहि त्यांचेंच नांव आहे. ज्याच्या दारांत घोडा नाहीं, बैलगाडी नाहीं, त्यासहि तिकिटाचे पैसे भरले कीं छत्रपतींच्या पाहुण्यांच्याच रुळांवरून जातां येऊं लागलें. कोल्हापूर सोडल्यावर वळिवडे लागतें. तेथें १९४३ ते १९४८ या काळांत पोलंड देशाचे सुमारें पांच हजार निर्वासित राहत होते. त्यापुढें रुकडी. रुकडीजवळच्या माणगांवांत मार्च १९२० मध्यें डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली, आणि शाहू महाराजांनीं तेथें जाऊन त्यांचा गौरव केला. आगगाडीनें शिवाशीव घालविली असें म्हणणें भाबडेपणाचें होईल; ती घालविण्यासाठीं माणसांस झगडावें लागलें. तरी शेजारीं कोण बसणार हें जातीनें न ठरतां तिकिटानें ठरूं लागलें, ही गोष्ट लहान नव्हे.

मोटारीनें ही व्यवस्था उलटी फिरविली आहे. मोटारींत शेजारीं कोण बसेल हें आपणच ठरवितों, आणि तें नेहमीं आपल्याच घरचें माणूस असतें. कांचा वर केल्या, गाणीं लावलीं, कीं मुरगूड ते पुणें आपल्याच दिवाणखान्यांत बसून झालें.

आमच्या सहलींत काय घडलें तें सांगतों. वर्गांतील निम्म्याहून अधिक मुलें आगगाडींत प्रथमच बसत होतीं. मिरजेस एक वृद्ध कारागीर डब्यांत चढले. त्यांच्याजवळ कापडांत गुंडाळलेला तंबोरा होता, आणि त्याची काळजी ते तान्ह्या मुलासारखी घेत होते. मिरजेंत तंतुवाद्यें होतात हें मुलांस ठाऊक होतें. पण तंबोऱ्याचा भोपळा पंढरपुराकडून येतो, तो कडू जातीचा असतो, तो वाळवून, भिजवून, कापून घ्यावा लागतो, हें त्यांस कोण सांगणार? कराड येईपर्यंत त्या गृहस्थांनीं कापड सोडून तारा जुळवून दाखविल्या. एरवीं वर्गांत तोंड न उघडणारा आमचा एक विद्यार्थी त्यांस प्रश्नामागून प्रश्न विचारीत होता. आम्ही मुकाट्यानें ऐकत होतों, आणि मनांतून थोडे खजीलहि झालों होतों. पुढें एका मुलानें खिडकींतून कागद फेंकला, तेव्हां समोरच्या बाईंनीं त्याची अशी कांहीं हजेरी घेतली कीं, आमची वर्षभराची स्वच्छतेचीं व्याख्यानें तिच्यापुढें फिकीं पडलीं. खासगी बसमध्यें त्या बाई भेटल्या नसत्या.

आगगाडींतील अशा गांठीभेटींचा महिमा मराठी वाचकांस नवा नाहीं. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात होते. डब्यांत एका अपरिचित युरोपियन गृहस्थाशीं त्यांचें बोलणें झालें, आणि निरोप घेतांना त्या गृहस्थानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली. १८९५ सालीं टिळक ख्रिस्ती झाले. त्या निर्णयाचीं सुखदुःखें लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें' मध्यें लिहिलीं, आणि मराठी भाषेस एक अमोल पुस्तक मिळालें. टिळक त्या दिवशीं एकटेच कोठल्या बंद वाहनांतून गेले असते तर काय झालें असतें, याचा तर्क आम्ही करीत नाहीं.

रेल्वेचे दोष आम्हांस दिसत नाहींत असें कोणी समजूं नये. सर्वसाधारण डब्यांतील गर्दींत वृद्ध माणसास पाय ठेवावयास जागा मिळत नाहीं. आरक्षणाची तारीख चुकली कीं दिवाळीच्या दिवसांत हात चोळीत बसावें लागतें. २०२० सालीं बंद पडलेली सह्याद्री एक्स्प्रेस २०२३ सालीं पुनः निघाली, ती मुंबईस न जातां पुण्यापर्यंतच. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाची चर्चा आमच्या विद्यार्थिदशेपासून कानीं येत आहे. सह्याद्रि उतरून कोंकण रेल्वेस मिळणारी ती गाडी आमच्या नातवांस तरी मिळो. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेनें रूळहि अडविले आणि हमरस्ताहि अडविला. तेथें दोघांची बरोबरी झाली. सप्टेंबर २०२४ मध्यें कोल्हापूर-पुणें वंदे भारत सुरू झाली. ती पांच-सव्वापांच तास घेते, परंतु ती सुरू झाली तेव्हां आठवड्यांतून तीनच दिवस होती. ज्यांच्या घरांत मोटार आहे त्यांनीं स्टेशनाकडे पाठ फिरविल्यावर अधिक गाड्या मागावयाच्या कोणीं? ज्यांचा आवाज वरपर्यंत पोंचतो तेच मोटारींत जाऊन बसले, आणि डब्यांत उरले ते ज्यांचें कोणी ऐकत नाहीं. आम्हांस या सर्व प्रकारांत हें अधिक सलतें.

गुडघेदुखीनें बेजार झालेल्या आजीस मोटारीनें न्यावें, रुग्णास न्यावें. त्याविषयीं आमचें कांहींच म्हणणें नाहीं. विमानाविषयीं तर बोलावयासच नको. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा असला तरी आमच्या पगारास तो अद्याप नवाच आहे. पण धडधाकट माणसांनीं, विशेषतः लहान मुलें बरोबर असतां, वर्षांतून एकदां तरी मोटार दारांतच ठेवून पाहावी, एवढीच विनंती आहे.

यंदाची सहलहि कोयना एक्स्प्रेसनेंच जाईल. मुलांस पहांटेच्या एस. टी. वर आणून सोडावें. कोल्हापुरास बसस्थानकापासून रेल्वे स्टेशन चालत अगदीं जवळ आहे, तेव्हां सामान मुलास स्वतः उचलतां येईल एवढेंच द्यावें. भाकरी दोन वेळच्या द्याव्यात, आणि एकदोन जास्त, कारण मुलें त्या शेजारच्यांस वांटून टाकतात. खिडकीजवळची जागा पाळीपाळीनें मिळेल. तिच्यावरून भांडण झाल्यास ती आमच्याकडे येईल.